किल्ला कुठंय?

लोणी काळभोरच्या माणसाला किल्ल्याचं अप्रूप नाही. गावातून रामदऱ्याला जायचं, मागचा डोंगर चढायचा, की पलीकडे मल्हारगड. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६० या काळात बांधला आणि महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधला गेलेला किल्ला म्हणून त्याचं नाव घेतात. म्हणजे शतकानुशतकं चाललेला किल्ले बांधायचा उद्योग आमच्या गावाच्या पाठीमागे येऊन बंद पडला. याचा गावात कुणाला अभिमान नाही आणि खंतही नाही. पुणे जिल्ह्यात गडाची थोरवी पिठल्यावर ठरते, आणि त्या बाबतीत सिंहगडापुढे बाकीच्या गडांनी केव्हाच शरणागती पत्करलेली आहे.

खोट्या बांधकामाचं तर त्याहून अप्रूप नाही. मुळा-मुठेच्या काठी राज कपूरची राजबाग होती. १९७८ साली आलेल्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं चित्रीकरण तिथं झालं. गावातला साठी ओलांडलेला प्रत्येक माणूस त्या गर्दीत आपण होतो असं सांगतो. हे सगळे खरोखरच तिथं असते तर कॅमेरा ठेवायला जागा उरली नसती. शिवाय दर आषाढीला तुकोबांची पालखी लोणीत मुक्काम करते. संध्याकाळी तंबूंचं अख्खं गाव उभं राहतं आणि सकाळी तिथं पत्रावळ्या आणि चुलीचे तीन दगड एवढंच असतं. तेव्हा रात्रीतून उभं राहिलेलं काही पाहून आम्ही तोंडात बोट घालत नाही.

अशा गावात माझा भाचा पोर्टलंडहून सहकुटुंब आला. म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगनहून. बरोबर दोन पोरं. थोरल्यानं पाणीसुद्धा पिण्याआधी जाहीर केलं, की त्याला इथला लाकडी किल्ला बघायचा आहे.

“लाकडी कशाला? आपले दगडी आहेत की,” मी म्हणालो.

“आजोबा, आमच्याकडचा लाकडी आहे.”

हा ‘आमच्याकडचा’ म्हणजे फोर्ट क्लॅटसॉप. जेवताना भाच्यानं त्याची सगळी हकीकत सांगितली, आणि ती ऐकताना माझा हात ताटातच थांबला. लुईस आणि क्लार्क नावाचे दोन कप्तान फौजफाटा घेऊन अमेरिका आडवी ओलांडून पॅसिफिक समुद्राला पोहोचले. डिसेंबर १८०५ मध्ये थंडी काढायला म्हणून त्यांनी ओंडक्यांचा एक किल्ला बांधला. लांबी पन्नास फूट, रुंदी पन्नास फूट. अडीच हजार चौरस फुटांत तेहतीस माणसं, त्यांत एक तान्हं मूल. हडपसरला एवढ्या जागेला बिल्डर ‘प्रशस्त’ म्हणतो आणि पार्किंगचे पैसे वेगळे घेतो. एकशेसहा दिवस ते तिथं राहिले. त्यांतले बारा दिवस सोडले तर रोज पाऊस. २३ मार्च १८०६ ला कंटाळून निघाले आणि जाताना किल्ला तिथल्या क्लॅटसॉप लोकांच्या कोबोवे नावाच्या प्रमुखाला देऊन टाकला.

“लढाई?” मी विचारलं.

“नाही झाली.”

“वेढा?”

“नाही.”

“कुणी कडा चढून वगैरे?”

“मामा, तिथं कडाच नाही.”

पुढं ते लाकूड कुजून मातीला मिळालं. मग १९५५ साली तिथल्या लोकांना दीडशे वर्षं झाल्याची आठवण आली. क्लार्कनं आपल्या वहीवर त्या किल्ल्याचा नकाशा खरडून ठेवला होता. त्यावरून त्यांनी पुन्हा किल्ला बांधला. मूळ किल्ला नेमका याच जागी होता असा पुरावा उत्खननातही सापडला नाही, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. पुढं दोनशे वर्षांचा सोहळा जवळ आला, आणि ३ ऑक्टोबर २००५ च्या रात्री तो नवा किल्ला जळाला. एका खोलीतल्या चुलीपासून आग लागली असावी असा अंदाज होता. लोक जमले, ओंडके आले, स्वयंसेवक आले आणि डिसेंबर २००६ मध्ये तिसरा किल्ला उघडला. आता तिथं पार्कचे कर्मचारी त्या काळचे कपडे घालून चकमकीनं विस्तव पेटवून दाखवतात. आगीनं गेलेल्या किल्ल्यात आग कशी लावावी याचं शिक्षण! थोडक्यात, एका हिवाळ्यापुरत्या किल्ल्याच्या नकलेची नक्कल, जागा अंदाजे. आणि हे सगळं तिकीट काढून.

आमच्या गावात रेल्वे स्टेशनापाशी तेलाचे मोठाले डेपो आहेत. त्यामुळे आग या विषयावर आम्ही लोणीकर जरा हळवे आहोत. हिनं पोळी वाढता वाढता निकाल दिला, “शनिवारवाडा दाखवा. तोही जळालाय.”

खरं तर ही सूचना अचूक होती. शनिवारवाडा म्हणजे तटबंदी, बुरूज, पाच दरवाजे आणि आत सागवानाची हवेली. किल्लाही झाला आणि लाकूडही. फक्त हिनं त्याला एक पुरवणी जोडली, “आधी थेऊर.” थेऊर पुण्याच्या बरोबर उलट दिशेला आहे. पण आमच्या घरातून कुठल्याही सहलीचा रस्ता देवळावरूनच जातो, मग ती सहल महाबळेश्वरची असो की मॉलची.

थेऊरला चिंतामणीसमोर माधवराव पेशव्यांनी बांधवलेला लाकडी सभामंडप आहे. याच देवळाच्या आवारात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मी हे सगळं गहिवरून सांगितलं. थोरल्यानं खांबावर बोटाच्या पेरानं टकटक केली, कान लावला आणि विचारलं, “हा जळाला होता का?”

“नाही रे बाबा.”

“एकदापण नाही?”

त्याचा विरस झाला. त्याच्या हिशेबी, एकदाही न जळलेल्या लाकडाला इतिहास नसतो. पण ही टकटक मात्र मला ओळखीची वाटली. पोरगं जन्मलं कुठंही असो, रक्त आपलंच. मराठी माणूस कुठल्याही वास्तूत शिरला की सगळ्यात आधी तिच्यावर टकटक करून बघतो. खांब पोकळ आहे का, दगड खरा की सिमेंटचा, मूर्ती पितळी की नुसता मुलामा. फसवणूक सापडली नाही तर तो थोडा हिरमुसतो.

थेऊर फाट्यावरून आम्ही पुण्याकडे वळलो. टँकर, उसाच्या गाड्या आणि ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ लिहिलेले टेम्पो यांच्यामधून हडपसर येईपर्यंत मी पोरांना १८०२ ची लढाई सांगून संपवली. यशवंतराव होळकरांचा तळ लोणी आणि हडपसरच्या मध्ये पडला होता. २५ ऑक्टोबरला लढाई झाली, शिंदे-पेशव्यांची फौज हरली आणि दुसऱ्या बाजीरावानं त्याच दिवशी सिंहगड गाठला. एका दिवसात अख्खी लढाई आणि वर सिंहगड! तेव्हा उड्डाणपूल नव्हता म्हणून जमलं.

शनिवारवाड्याच्या तिकीट खिडकीवर भारतीयांचा दर वेगळा आणि परदेशी पाहुण्यांचा वेगळा. दोन्ही आकडे वाचताच भाच्याच्या तोंडून अचानक अस्सल सदाशिव पेठी मराठी सुरू झाली. पोरांना तिकीटच नव्हतं, पण त्यांच्या बापाला ते ठाऊक नसल्यामुळे त्यानं त्यांनाही रांगेत ‘नमस्कार काका’ म्हणायला लावलं.

दिल्ली दरवाजा बघून पोरं खूष झाली. दरवाजा आहेच तसा. हत्तीनं डोकं लावू नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे, वर लाकूड-विटांचा नगारखाना. धाकटी म्हणाली, “वॉव.” थोरला म्हणाला, “चला आत.” आणि आम्ही आत गेलो.

आत हिरवळ होती.

हिरवळीच्या मध्ये जोती. पुन्हा हिरवळ. पुन्हा जोती. एक कारंजं, कोरडं. बाकावर तीन प्रेमी जोडपी, एक आजोबा आणि शाळेची सहल.

“आजोबा, किल्ला कुठंय?”

आता हा प्रश्न मराठी माणसाला विचारायचा नसतो, कारण त्याला किल्ला दिसत असतो. आपल्याला एक जोतं दाखवा, आपण त्यावर सात मजले चढवतो, हंड्या-झुंबरं लावतो, मसनदीवर माणसं बसवतो आणि त्यांचं बोलणंही ऐकतो. ही कला आपल्यात इतकी मुरलेली आहे की प्रत्यक्ष इमारत असलीच तर ती मध्ये येते. मी एका चौथऱ्यावर उभा राहून सांगायला लागलो, “हा गणपती रंगमहाल.” त्याच चौथऱ्याच्या दुसऱ्या टोकाला टोपी घातलेले एक गृहस्थ आपल्या कुटुंबाला सांगत होते, “हा जुना आरसेमहाल.” आणि मधल्या पायरीवर सहलीचे गुरुजी मुलांना सांगत होते, “हा नाचाचा दिवाणखाना.” तिघांनीही एकमेकांचं ऐकलं. तिघांनीही आवाज चढवला.

मी आकड्यांवर आलो, कारण आकड्यांत वाद नसतो असा माझा समज आहे. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये. जुन्नरच्या जंगलातलं सागवान, चिंचवडचा दगड, जेजुरीचा चुना. पुढं प्रत्येक पेशव्यानं भर घातली आणि इमारत सात मजली झाली.

“सहा,” टोपीवाले म्हणाले.

“सात. वरच्या मेघडंबरीतून आळंदीचा कळस दिसायचा.”

“सहाव्यावरूनसुद्धा दिसेल. तेव्हा मध्ये सोसायट्या नव्हत्या.”

मग मी हजारी कारंज्याकडे वळलो. नाव हजारी, तोट्या दोनशेच्या आतच, पण त्याबद्दल पेशव्यांना कुणी विचारलं नाही आणि मीही विचारणार नव्हतो. थोरल्यानं मात्र सोडलं नाही. “मग ते सात मजले गेले कुठं?”

“जळाले. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली. सात दिवस जळत होता म्हणतात.”

“मग परत का नाही बांधला?”

हा प्रश्न त्यानं जरा मोठ्यानं विचारला आणि चौथऱ्यावर एकदम शांतता पसरली. मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. टोपीवाले म्हणाले, पुरातत्त्व खातं परवानगी देणार नाही. आजूबाजूच्या शंभर मीटरांत बिचाऱ्या वाडेवाल्यांना स्वतःची पडकी भिंतसुद्धा नव्यानं उभारता येत नाही, आणि तुम्ही सात मजले म्हणता. (“सहा,” त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं.) गुरुजींना मूलभूत शंका होती: बांधायचा तर कुणाच्या वेळचा? थोरल्या बाजीरावाचा, नानासाहेबांचा की दुसऱ्या बाजीरावाचा? त्यावर सहलीबरोबर आलेल्या बाई म्हणाल्या, आधी नकाशा हवा, मग समिती. बाकावरच्या आजोबांनी तोवर सागवानाचा घनफुटाचा भाव काढून दाखवला होता. एका जोडप्यातला मुलगा आयटीत असावा. त्याला पार्किंगची आणि लिफ्टची काळजी पडली. कुणीतरी म्हणालं, बांधला तर आपला नगरसेवक त्यावर फ्लेक्स लावणार. यावर मात्र सर्वांचं एकमत झालं आणि प्रकल्प तिथंच रद्द करण्यात आला.

अमेरिकेतल्या माणसांकडे वहीवरचं एक रेखाटन होतं आणि किल्ला कसा होता याबद्दल कुणाला फारशी मतं नव्हती. म्हणून त्यांनी तो दोनदा बांधला. आपल्याकडे रेखाटन पुरं नाही आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकेक पुरा शनिवारवाडा उभा आहे, झुंबरासकट. त्यांतला कुठला पाडायचा?

पोरांचा धीर सुटू नये म्हणून मी शेवटचं अस्त्र काढलं, नारायणरावांचं. ३० ऑगस्ट १७७३, गारदी, “काका मला वाचवा,” आणि पौर्णिमेच्या रात्री अजून येणारा आवाज. धाकटीनं माझा हात घट्ट धरला. थोरल्यानं विचारलं, “पोलिसांना सांगितलं का?”

शेजारचा लाल महाल आम्ही दहा मिनिटांत उरकला. तो महापालिकेनं नव्यानं बांधलेला, १९८८ मध्ये पूर्ण झालेला. म्हणजे तत्त्व क्लॅटसॉपचंच: मूळ गेलं, आठवण राहिली, बांधा. थोरल्याला शाहिस्तेखानाची तुटलेली बोटं फार आवडली. त्यानं भिंतीवर टकटक केली, मीही केली, आणि मग रखवालदारानं आम्हा दोघांकडे असं काही पाहिलं की आम्ही टकटक थांबवून इतिहासाविषयी आदर चेहऱ्यावर आणला.

खरी दाद मिळायला हवी होती ती विश्रामबागवाड्याला. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला, अस्सल लाकूड, सुरूच्या झाडासारखे कोरीव खांब, दर्शनी सज्जा बघून मान दुखावी. वर, तो जळालेलाही आहे! १३ मे १८७९ च्या रात्री रानडे बंधूंनी बुधवारवाड्याला आणि याला आग लावली. बुधवारवाडा पार गेला. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग गेला, आणि तो लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला. पोराला हवं होतं ते सगळं एका ठिकाणी: लाकूड, आग, फेरबांधणी. अगदी स्वयंसेवकांसकट. पण विश्रामबागवाड्याची एक अडचण आहे. तो तुळशीबागेच्या शेजारी आहे. माझी फौज वाड्याच्या दाराशी पोहोचण्याआधीच तिच्यात फूट पडली. हिला स्टीलचा झारा हवा होता, सूनबाईला पोर्टलंडच्या मैत्रिणींसाठी नथी हव्या होत्या आणि धाकटीला भातुकली. भाचा गाडीत बसून राहिला, कारण गाडी जिथं उभी होती तिथं ती उभी करता येत नाही. मी आणि थोरला समोरच्या फुटपाथवरून सज्जा पाहत उभे राहिलो. मी १८७९ वर आलो तेव्हा तो म्हणाला, “पण हा किल्ला नाही ना. हे घर आहे.” मुद्दा बिनतोड होता.

संध्याकाळी परत निघालो. पोरं मागे गप्प. हडपसर सुटलं, मांजरी गेली, आणि सोलापूर रस्त्याची लॉन्स सुरू झाली. लग्नाची तिथी दाट होती. आणि एका वळणावर धाकटी किंचाळली, “किल्लाऽऽ!”

उजव्या हाताला, दिव्यांच्या झगमगाटात, शनिवारवाडा उभा होता. दिल्ली दरवाजा, दोन्ही बाजूंचे बुरूज, वर नगारखाना, नगारखान्यात खरोखरचा नगारा. दारात भाले घेतलेले मावळे, तुतारी, अत्तर, धुराचं मशिन. आम्ही थांबलो. न थांबून सांगतो कुणाला?

थोरला थेट दरवाज्याशी गेला आणि टकटक केली. आवाज आला पोकळ, भरघोस, समाधानकारक. “लाकूड!” तो ओरडला.

“प्लायवूड,” बाजूला बिडी विझवत उभा असलेला डेकोरेशनचा माणूस म्हणाला. “मागं बांबू.”

आणि मग त्या पोरानं दिवसभर साठवलेले सगळे प्रश्न त्याला विचारले. त्या माणसानं एकाही प्रश्नाला ‘म्हणतात’ किंवा ‘असावं’ असं उत्तर दिलं नाही. कुणी बांधला? आम्ही पाच जणांनी. किती वेळ लागला? काल दुपारी गाडी लागली, पहाटे उभा. खिळे? कागदी कप, वर सोनेरी स्प्रे. मजले किती? समोरून दोन, मागून एकही नाही. नकाशा? मोबाईलमध्ये आहे, हा बघ. आग लागली तर? त्यानं बुरुजामागून लाल सिलिंडर काढून दाखवला. उद्या काय होणार? “उद्या हा मोडणार. परवा याच जागी राजस्थानी हवेली. पार्टी तिकडची आहे. रायगडपण आहे आपल्याकडं, पण तो मोठा, त्याला दोन दिवस आधी सांगावं लागतं.”

थोरल्यानं फोटो काढले, मावळ्याचा भाला धरून बघितला आणि मला म्हणाला, “आजोबा, हा आमच्याकडच्यापेक्षा मोठा आहे.” भाच्यानं नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यात फेटा बांधलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला मुलीकडचे समजून आत घेतलं आणि दुसऱ्यांनी मुलाकडचे समजून पंगतीत बसवलं. मसालेभात उत्तम होता, मठ्ठा त्याहून.

तेव्हा तुमच्याकडेही परदेशातून पोरं येणार असतील आणि त्यांना पूर्ण बांधलेला लाकडी किल्ला बघायचा असेल, तर पंचांगात लग्नाची तिथी बघून ठेवा आणि सोलापूर रस्त्यानं लोणीकडे या. संध्याकाळी सातनंतर या, त्याआधी दिवे लावत नाहीत. कपडे जरा बरे घाला. कुणाकडचे विचारलं तर विचारणाऱ्याचा फेटा बघा आणि दुसऱ्या रंगाच्या फेट्याचं नाव सांगा. तिकीट नाही; आहेर ऐच्छिक आहे.